काचेआडच्या तसबिरीतून खिडकीचं प्रतिबिंब कसं काढायचं? रॉ फाईलचा काही उपयोग होईल का?

ग्रंथपाल_तळकोकण

मंडळी, नमस्कार.

मी तळकोकणातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमच्या वाचन दालनात तसबिरींची एक रांग आहे. देणगीदार, जुने अध्यक्ष, नाट्यशाखेची मंडळी, आणि शेवटी इमारतीच्या पायऱ्यांवर बसलेल्या चाळीसेक माणसांचा एक मोठा समूह-फोटो. या शेवटच्या फोटोची दुसरी प्रत कुठेही नाही. ज्या घरांत ती असण्याची शक्यता होती, त्या सगळ्या घरी मी जाऊन आले. फोटोतल्या निम्म्याअधिक माणसांची नावं सांगू शकतील अशा दोन आजी गावात अजून आहेत. पण मान वर करून काचेआडचे चेहरे ओळखणं आता त्यांना जमत नाही. त्यांच्या हातात मोठी, स्वच्छ छापील प्रत द्यायची आहे, आणि लवकर द्यायची आहे.

अडचण अशी की तसबीर उघडता येत नाही. पावसाळ्यातल्या दमटपणाने फोटो दोन-तीन ठिकाणी आतून काचेला चिकटलाय. त्या जागा ओल्या डागासारख्या गडद दिसतात. फ्रेमवाला म्हणाला, "हळूच सोडवून देतो." मी हात लावू दिला नाही. शिवाय ही तसबीर भिंतीतल्या लाकडी पट्टीत कायमची बसवलेली आहे, त्यामुळे उतरवून दुसरीकडे नेणंही नाही. रात्री फोटो काढा हा सल्लाही कृपया नको. वायरिंग जुनं असल्यामुळे दिवेलागणीला मेन स्विच बंद करून दालनाला कुलूप लागतं, आणि तो नियम योग्यच आहे.

तसबिरीच्या बरोबर समोर तीन उभ्या खिडक्या, त्यांच्या वर झडपा, बाहेर पडवी आणि माड. फोटोच्या डाव्या अर्ध्यावर खिडकीचे गज उमटतात. मागच्या ओळीतले सहा-सात चेहरे त्या उजेडात पार पुसले गेलेत.

भावाचा कॅनन फाइव्ह डी मार्क फोर आहे, ५० मिमी लेन्स आहे, ट्रायपॉड आहे. फोटो रॉमध्ये काढलेत. लेन्सवर पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिरता फिल्टर) लावून पूर्ण गोल फिरवला, काडीचा फरक नाही. माझे प्रश्न असे. पोलरायझर का चालत नाही? रॉमध्ये सेन्सरची सगळी माहिती असते म्हणतात, मग तिच्यातून प्रतिबिंब वेगळं करता येतं का? या कॅमेऱ्यात 'ड्युअल पिक्सेल रॉ' असा पर्याय आहे, तो यासाठीच आहे का? आणि एका बटणावर प्रतिबिंब काढणारी एआयची साधनं वापरावीत का? माझी एकच अट आहे: चेहरा जसा आहे तसाच राहिला पाहिजे.

मशीनव्हिजन_चाकण

ताई, सगळ्यात आधी, फ्रेमवाल्याला थांबवलंत ते फार चांगलं केलंत. फोटोच्या वरचा थर जिलेटिनचा असतो. दमट हवेत तो मऊ होऊन काचेला धरतो. सोडवायला गेलं की कागद हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो. काचेसकट फोटो काढणं हाच मार्ग.

मी चाकणला कारखान्यांमध्ये तपासणीचे कॅमेरे बसवतो. काच, पॉलिश केलेला धातू, चकचकीत प्लास्टिक यांवरची झळाळी घालवणं हे रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोलरायझरचं आधी. काचेवरून परतणारा प्रकाश ध्रुवित होतो, म्हणजे त्याची कंपनं एकाच दिशेत होतात, ते तिरप्या कोनात. साध्या काचेला लंबापासून साधारण ५६ अंशांवर तो जवळजवळ पूर्ण ध्रुवित असतो. याला ब्रूस्टरचा कोन म्हणतात. तुम्ही तसबिरीच्या बरोबर समोर, म्हणजे शून्य अंशाजवळ. तिथे परतणाऱ्या प्रकाशाला ठरावीक दिशाच नसते, मग फिल्टर अडवणार काय? आमच्याकडे सोनीचा ध्रुवण ओळखणारा सेन्सर वापरतात. त्यात प्रत्येक चार पिक्सेलांच्या गटावर ०, ४५, ९० आणि १३५ अंशांच्या अतिसूक्ष्म तारांच्या जाळ्या बसवलेल्या असतात, त्यामुळे एकाच टिपणीत चारही दिशा मोजल्या जातात. तिरक्या काचेवर तो कमाल करतो. पण तुमच्या तसबिरीसमोर तोही हतबल होईल, कारण मोजायला फरकच नाही.

आता रॉ फाईल. काचेचा एक पृष्ठभाग समोरून आलेल्या प्रकाशाचे सुमारे ४ टक्के परत पाठवतो. पुढचा आणि मागचा मिळून ८ टक्क्यांच्या आसपास. आकडा छोटा वाटतो, पण खिडकीबाहेरचं आकाश आतल्या फोटोपेक्षा शंभर पट उजळ असेल तर त्याचे ८ टक्के फोटोला सहज गिळतात. सेन्सरवर या दोन प्रकाशांची बेरीज होते: फोटोकडून आलेला अधिक काचेकडून आलेला. रॉ फाईलमध्ये ती साधी बेरीजच राहते, कारण उजेड दुप्पट झाला की सेन्सरचा आकडाही दुप्पट होतो. तुमच्या कॅमेऱ्याच्या १४ बिटांच्या रॉमध्ये त्यासाठी १६,३८४ पायऱ्या आहेत. जेपेग करताना कॅमेरा या आकड्यांवर वक्र चढवतो, धार लावतो आणि सगळं २५६ पायऱ्यांत बसवतो. त्यानंतर बेरीज बेरीज उरत नाही. म्हणून या कामात रॉ हवीच.

पण फक्त रॉ असून भागत नाही. एका पिक्सेलवर ९०० आकडा आला, तर त्यातले फोटोचे किती आणि खिडकीचे किती? एक समीकरण आणि दोन अज्ञात. एकाच फाईलमधून जे काही काढलं जाईल तो अंदाज असेल, मग साधन कितीही हुशार असो. अ‍ॅडोबीने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या 'कॅमेरा रॉ' या सॉफ्टवेअरमध्ये प्रतिबिंब काढायची सोय दिली. तिच्यामागचं काम मी वाचलंय आणि मला ते मनापासून आवडलं. रॉ प्रतिमांच्या लिनिअर (साध्या, वक्र न चढवलेल्या) बेरजा करून एआय मॉडेल शिकवलंय, आणि फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागचं दृश्य वेगळं टिपून दिलं तर प्रतिबिंब कशाचं आहे हे ओळखायलाही ते वापरता येतं. खिडकीतून डोंगर टिपलाय, त्यावर खोलीतला दिवा आलाय, अशा वेळी जरूर वापरावं. तुमच्या कामाला मात्र मी ते लावणार नाही. गजाखाली गेलेला चेहरा मॉडेल शोभेल असा भरून देऊ शकतं. आजींसमोर ठेवायचा चेहरा त्या माणसाचाच असला पाहिजे.

तेव्हा अंदाज नको, दुसरं समीकरण मिळवू. ड्युअल पिक्सेल हा त्याचा एक रस्ता आहे. तुमच्या सेन्सरचा प्रत्येक पिक्सेल डाव्या-उजव्या दोन अर्ध्यांचा आहे. एक अर्धा लेन्सच्या एका बाजूने बघतो, दुसरा दुसऱ्या. मुळात ही रचना फोकससाठी केलेली. फोटोवर फोकस असेल तर दोन्ही अर्ध्यांत फोटो एकाच जागी दिसतो. खिडकीचं प्रतिबिंब काचेच्या मागे काही मीटरवर असल्यासारखं, म्हणजे फोकसबाहेर असतं, त्यामुळे ते दोन अर्ध्यांत किंचित सरकलेलं दिसतं. कोणती रेघ सरकते आणि कोणती नाही यावरून वेगळं करता येतं. टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये ही पद्धत मांडली, आणि वापरलेल्या कॅमेऱ्यांत तुमचंच मॉडेल होतं. पण त्यासाठी लेन्स बरीच उघडी हवी, कारण छिद्र लहान केलं की सरकणं नाहीसं होतं. उघड्या लेन्सवर मोठ्या फोटोचे कोपरे मऊ पडतात. आणि कॅननच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्युअल पिक्सेल रॉसाठी जो 'घोस्टिंग' कमी करायचा पर्याय आहे, तो लेन्सच्या आत होणाऱ्या झळाळीसाठी आहे. तुमच्या खिडकीसाठी त्याचा भरवसा नको.

माझ्या मते तुमचा रस्ता दिव्याचा. कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का, सगळं मॅन्युअल, ऑटोफोकस बंद, दोन सेकंदांचा टायमर. एक फोटो फक्त खोलीच्या उजेडात. लगेच दुसरा, त्याच एक्स्पोजरवर, पण बाजूने फ्लॅश मारून. दुसऱ्या रॉमधून पहिली रॉ वजा करा. खिडकीचं प्रतिबिंब दोन्हींत सारखंच आहे, ते उडून जातं. उरतो फक्त फ्लॅशने उजळलेला फोटो. सेन्सरचा काळा पायाही दोन्हींत तोच असल्यामुळे आपोआप वजा होतो. इथे कोणीही काही कल्पलेलं नाही, सगळं मोजलेलं आहे.

यात तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून सांभाळा. खिडकीच्या प्रतिबिंबाने पिक्सेल पूर्ण भरता कामा नये. तो कमाल आकड्याला टेकला की वजाबाकीत तिथे काही उरत नाही. शटर जितकं जलद चालेल तितकं ठेवा, १/१६० वगैरे. खोलीचा उजेड शटरवर अवलंबून असतो, फ्लॅशचा नसतो, त्यामुळे शटर जलद केलं की प्रतिबिंब आधीच फिकं पडतं. आणि माड हलत असतील, ढग सरकत असतील तर जोडी लागोपाठ काढा.

तिरका_प्रकाश

वरच्या उत्तराशी सहमत. मी पंधराएक वर्षं चित्रांचं आणि हस्तलिखितांचं दस्तावेजीकरण करतो, तेव्हा वजाबाकीच्या आधीचं हातकाम माझ्याकडून.

ताई, काळं कापड लावा. कॅमेऱ्याच्या रेषेत, लेन्सपुरतं भोक पाडून. किती मोठं? आरशाचं साधं गणित आहे: कॅमेऱ्याच्या जागी धरायचं कापड तसबिरीच्या दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच हवं, मधोमध लेन्स. तसबीर तीन फूट बाय दोन फूट असेल तर कापड सहा बाय चार. त्याहून लहान असलं की कडेकडेने खिडकी डोकावणारच. चकाकणारं साटीन नको. काळी घोंगडी मिळाली तर तिच्यासारखं काही नाही, लोकर उजेड पिऊन टाकते. आणि तुम्ही स्वतः फिकी साडी किंवा पांढरा ड्रेस घालून कॅमेऱ्यामागे उभ्या राहू नका.

फ्लॅश दोन असले तर दोन्ही बाजूंनी, काचेच्या पातळीशी साधारण ३० ते ४० अंशांवर ठेवा. एकच असेल तर एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, अशा दोन जोड्या काढा. कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश इथे कामाचा नाही, तो थेट काचेत दिसतो. फ्लॅश तसबिरीच्या जवळ आणा आणि खोलीच्या बाजूला काळा पुठ्ठा आडवा धरा. नाहीतर फ्लॅशचा उजेड समोरच्या भिंतीवर पडतो, ती भिंत काचेत उमटते, आणि ते प्रतिबिंब वजाबाकीत जात नाही कारण ते फक्त दुसऱ्याच फोटोत असतं. हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

पोलरायझर टाकून देऊ नका. फ्लॅशच्या तोंडावर ध्रुवक फिल्म लावली आणि लेन्सवरचा पोलरायझर तिच्या काटकोनात फिरवला, तर फ्लॅशची काचेवरची झळाळी जाते. काच ध्रुवित प्रकाशाला आहे तसाच परत पाठवते, फोटोचा कागद त्याला विस्कटून परत पाठवतो, म्हणून कागद दिसतो आणि काच दिसत नाही. उजेड बराच कमी होतो, तेवढा फ्लॅश वाढवा. जुन्या फोटोंच्या काळ्या भागात चंदेरी झाक आलेली असते, तीही याने दबते आणि आतले तपशील वर येतात. पण एखादी प्रत या फिल्टरशिवायही काढून ठेवा. ती चंदेरी झाक हा सुद्धा त्या वस्तूच्या आजच्या अवस्थेचा भाग आहे.

एफ/८, आयएसओ १००. काच आधी बाहेरून कोरड्या मऊ फडक्याने पुसा. फवारा अजिबात नको, पाणी कडेने आत उतरतं.

फक्त_मोबाईल

माझ्याकडे अशीच आजोबांची तसबीर आहे, पण कॅमेरा नाही. मोबाईलवर हे जमेल का? त्याचा फ्लॅश तर लेन्सला खेटून असतो.

मशीनव्हिजन_चाकण

@फक्त_मोबाईल, मोबाईलचा फ्लॅश विसरा. बॅटरीवरचा किंवा साधा एलईडी दिवा बाजूला ठेवा. एक फोटो दिवा बंद, एक दिवा चालू. गणित तेच. मोबाईल टेकवून पक्का बसवा आणि रॉ देणारं, शटर-आयएसओ हाताने ठेवू देणारं अ‍ॅप घ्या. नेहमीच्या अ‍ॅपमध्ये मोबाईल अनेक फोटो एकत्र करून उजळ भाग दाबतो आणि काळोख उचलतो, त्यावर वजाबाकी लागू होत नाही. घरच्या विजेवरचा दिवा असेल तर आणखी एक: आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. शटर १/५० किंवा १/२५ ठेवा, म्हणजे पट्टे येणार नाहीत.

ग्रंथपाल ताई, वजाबाकी रॉच्या आकड्यांवरच व्हायला हवी. पायथनची रॉपाय लायब्ररी रॉ उघडते, पुढे चार ओळींचं काम आहे. गावातल्या कुणा इंजिनिअरिंगच्या मुलाला सांगा. नाही जमलं तर फाईली मला पाठवा, मी करून देतो. एवढ्या कामाचे पैसे घेणार नाही.

ग्रंथपाल_तळकोकण

सगळ्यांचे मनापासून आभार. काम झालं, म्हणून सविस्तर सांगते.

घोंगडी शेजारच्या धनगरवाडीतून आणली. दोन जोडून बांधल्या. वाचनाच्या टेबलावर ट्रायपॉड, दोन्हीकडे शिड्या, शिड्यांना बांबू, बांबूवर घोंगड्या. बाजूचा आणि खालचा भाग तेवढ्यानेच काळाकुळीत झाला. वर मात्र कापड पुरेसं उंच नेता आलं नाही, आणि झडपांमधून येणारा उजेड मागच्या ओळीवर पट्ट्यांसारखा उरला. माझ्या कामाची ओळ तीच. तिथे वजाबाकी उपयोगी पडली. पट्टे गेले! ज्या जागी गेली कित्येक वर्षं फक्त पांढरं दिसत होतं तिथे पागोटी, टोप्या, मिशा आणि नऊवारीतली एक बाई दिसली. आम्ही सगळे धरून चाललो होतो की फोटोत फक्त पुरुष आहेत.

आता दोन शंका. पट्टे होते त्या जागी चेहरे दिसतात, पण जरा रवाळ. आणि काचेला चिकटलेले डाग तसेच गडद राहिले. वजाबाकी तिथे चुकली का?

मशीनव्हिजन_चाकण

वा! ती बाई दिसली यातच सगळं आलं.

रवाळपणा अपेक्षित आहे. खिडकीचा उजेड वजा होतो, पण त्या उजेडासोबत आलेला गोंगाट, म्हणजे पिक्सेलच्या आकड्यांतले बेभरवशाचे चढउतार, वजा होत नाही. दोन्ही फोटोंचा गोंगाट एकमेकांत मिसळतो. जिथे प्रतिबिंब जास्त उजळ होतं तिथे तो जास्त. उपाय म्हणजे जोड्या वाढवणं. कॅमेरा न हलवता १६ जोड्या काढून सरासरी घेतली तर रवाळपणा चौथ्या हिश्शावर येतो. घोंगड्या अजून बांधलेल्या असतील तर उद्याच काढा. कृपया त्यावर 'नॉइज रिडक्शन' फिरवू नका. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या तेच पहिल्यांदा खातं.

डागांचं कारण वेगळं आहे. फोटो आणि काच यांच्यामध्ये एरवी हवेचा पातळ थर असतो. चिकटलेल्या जागी तो थर नाही, त्यामुळे काचेच्या आतल्या बाजूचं परावर्तन आणि कागदाच्या पृष्ठभागावरची पांढुरकी झाक दोन्ही कमी होतात, आणि तो भाग गडद, जास्त कॉन्ट्रास्टचा दिसतो. म्हणजे वजाबाकी चुकलेली नाही. डागांतला चेहरा नीट बघा, तो उरलेल्या फोटोपेक्षा जास्त स्पष्टच असेल. आजींना द्यायच्या प्रतीत त्या जागा वेगळ्या निवडून थोड्या उजळा. मूळ वजाबाकीची फाईल तशीच राहू दे.

तिरका_प्रकाश

जतन करायचं ते असं: दिवा बंद असलेल्या रॉ, दिवा चालू असलेल्या रॉ, वजाबाकीची १६ बिट टिफ, आणि एक साधी मजकूर फाईल. तीत लेन्स, शटर, फ्लॅश कुठे होता, काय वजा केलं आणि कुठे उजळलं हे मराठीत लिहा. उद्या कुणी विचारलं की ही बाई खरंच तिथे आहे कशावरून, तर दोन्ही मूळ फाईली समोर ठेवता येतील. एक प्रत वाचनालयाबाहेरच्या डिस्कवर ठेवा.

आजींना दाखवायला जाल तेव्हा फोटो एकदम पूर्ण देऊ नका. एकेक चेहरा पोस्टकार्डाएवढा छापा, मागे ओळ आणि क्रमांक लिहा, आणि दोघींना वेगवेगळं विचारा. एकीने सांगितलेलं नाव दुसरीच्या कानावर गेलं की तिलाही तेच आठवायला लागतं.

ग्रंथपाल_तळकोकण

हे वेगवेगळं विचारायचं सुचलं नसतं. उद्या सकाळी साडेसातला दालन उघडून १६ जोड्या काढते. त्या वेळी ऊन मागच्या बाजूला असतं आणि वाराही पडलेला असतो. @मशीनव्हिजन_चाकण, फाईली संध्याकाळपर्यंत पाठवते. नाट्यशाखेच्या तसबिरी भिंतीवरून उतरवता येतात, त्या पुढच्या आठवड्यात घोंगडीसमोरच ठेवून काढणार आहे.